चौथ्या सीटवरचा वाद आणि हॉस्पिटलातलं बाकडं

मावशी, सलाम.

मी अठ्ठावीस वर्षांचा. आमचं मूळ नगरकडचं, पण आजोबांपासून बोरिवलीत. मंडळीत तरुण संघाचा सेक्रेटरी आहे, रविवारी उपासनेनंतर शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो. गेली दोन वर्षं मला अपॉलोजेटिक्सचं, म्हणजे विश्वाससमर्थनाचं वेड लागलं आहे. पुस्तकं वाचली, तासन् तास व्याख्यानं ऐकली. सकाळच्या चर्चगेट फास्टला आमचा ग्रुप असतो. त्यातला एक मित्र देव न मानणारा. बोरिवली ते दादर आमचा वाद ठरलेला. ग्रुपमधले काका विचारायचे, ‘आज कोण जिंकलं?’ खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मीच.

मे महिन्यात त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला. जुलैत मी परळला हॉस्पिटलात गेलो. बाहेर बाकड्यावर बसलो होतो. तो म्हणाला, ‘आता सांग, तुझा देव काय म्हणतोय यावर?’ मी सांगितलं. एक, देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली. दोन, सृष्टी पतित आहे. तीन, दुःखातून मोठं भलं घडतं. तिसरा मुद्दा अर्ध्यावर असताना तो म्हणाला, ‘बस कर रे,’ आणि उठून आत गेला. ऑगस्टमध्ये मुलगी गेली. आता तो आमच्या गाडीला नसतो. कुणी म्हणतं, मागची स्लो पकडतो.

तेव्हापासून मला वर्ग घेववत नाही. प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत, पाच मिनिटांत फोन हातात. माझे मुद्दे चुकीचे होते का? नव्हते, तर तिथं फोल का ठरले? माझा विश्वास खरा होता, की नुसता जिंकण्याचा नाद? पुढच्या महिन्यात वर्गात पुनरुत्थानाचा विषय आहे. घेऊ, की पाळकसाहेबांना सांगून वर्ग सोडू? आणि मित्राला काय सांगू?

— एक वाचक, बोरिवली

*

बाळा, सलाम.

तुझं पत्र चार पानी होतं, वर कापून छापलं आहे. तिन्ही मुद्दे तू आकडे घालून लिहिलेस, त्यामुळे त्या बाकड्यावर काय झालं असेल ते मला लख्ख दिसलं. खरं तर आठवलं. आमच्या चाळीत एका बाईचा आठ वर्षांचा मुलगा ऐन पावसाळ्यात काविळीनं गेला. मी तेव्हा तिशीतली, शब्बाथशाळा घेणारी, तोंडात वचनं तयार. तिच्याशेजारी टेकले आणि म्हटलं, ‘देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात.’ तिनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘मग त्यानं आपल्या बागेतली तोडावीत.’

चाळीस वर्षं झाली. त्या वाक्याला मला उत्तर सापडलेलं नाही आणि हल्ली मी शोधतही नाही. तेव्हा तू काही जगावेगळं केलेलं नाहीस. आपल्यात मयतीच्या घरी दर वेळी कुणी ना कुणी हे करतंच, आणि वर चहा पिऊन जातं.

आधी तुझे मुद्दे बघू, कारण ते टाकून देण्यासारखे आहेत असं मला वाटत नाही. 1955 साली मॅकी नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं आरोप ठेवला होता की देव सर्वसमर्थ आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि जगात वाईट आहे, ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. अमेरिकेतले अ‍ॅल्विन प्लँटिंगा यांनी 1974 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की असू शकतात. देवाला खरोखर स्वतंत्र माणसं हवी असतील, तर ती वाईट निवडणारच नाहीत याची खात्री देवही देऊ शकत नाही. हा मुद्दा भक्कम आहे. पण त्यांनी त्याला नाव दिलं ‘बचाव’. आरोप सिद्ध होत नाही, एवढंच दाखवायचं. अमक्याच्या घरी तमकं दुःख देवानं का येऊ दिलं, हे सांगायचा त्यांचा दावाच नव्हता. त्याच पुस्तकात त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे की दुःखात सापडलेल्या माणसाला या युक्तिवादातून फारसा दिलासा मिळणार नाही, त्याच्यासाठी पाळकाचं काम वेगळं आहे. तू ऐकलेल्या व्याख्यानांतून नेमकं हेच पान गळलेलं दिसतं.

शिवाय सहा वर्षांच्या पोरीच्या रक्तातल्या पेशी बिघडल्या, यात स्वतंत्र इच्छा कुणाची? खून, युद्ध, पुलाच्या सिमेंटात खाल्लेला पैसा, इथं तो मुद्दा चपखल बसतो. आजारपणाला तो ओढूनताणून लावावा लागतो, म्हणूनच तुला लगेच दुसरा मुद्दा काढावा लागला. तुझा तिसरा मुद्दा तर मला मुळीच आवडत नाही. कुणाच्या तरी भल्यासाठी दुसऱ्याचं मूल खर्ची पडलं, हा हिशोब बापासमोर मांडायचा नसतो. लायप्निट्झसारख्या बुद्धिमान तत्त्वज्ञानं 1710 साली ग्रंथ लिहून सांगितलं होतं की शक्य असलेल्या जगांपैकी हे जग सर्वोत्तम आहे. मग 1755 च्या 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं. लोक उपासनेसाठी चर्चमध्ये जमले होते. त्यानंतर युरोपात ते वाक्य पुन्हा त्याच सुरात कुणाला म्हणता आलं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. चुकीचे नव्हते तर फोल का ठरले?

योहानाचा अकरावा अध्याय काढ. लाजर मेला आहे, येशू चार दिवस उशिरा पोचला आहे. मार्था गावाबाहेर येऊन त्याला गाठते आणि म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळानं मरीया येते, पायाशी पडते आणि म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ वाक्य तेच. एकवीसावी ओवी आणि बत्तिसावी ओवी शेजारी ठेवून बघ. मार्थाला त्यानं उत्तर दिलं, तेही केवढं: ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ मरीयेला त्यानं एक अक्षर शिकवलं नाही. ‘त्याला कोठे ठेवले?’ एवढं विचारलं आणि रडला. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. तुझ्या-माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, ‘रडू नकोस, दहा मिनिटं थांब.’

मार्थाचीही एक गंमत आहे. तिनं उत्तर ऐकून सुंदर विश्वासवचन उच्चारलं, ‘आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात.’ आणि कबरेची धोंड काढायची वेळ आली तेव्हा हीच म्हणाली, ‘प्रभूजी, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत.’ म्हणजे उत्तर पटलेल्या माणसालाही वास येतोच. वर्गात हे सांग, पोरं जागी होतील.

तुझा मित्र दोन वर्षं गाडीत मार्थेसारखा बोलत होता. बाकड्यावर त्याच तोंडून मरीया बोलली. शब्द सारखेच असल्यामुळे तू फसलास.

मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना पाठ आहे, तुला नवीन असेल. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून चार हातांवर माझी खुर्ची. हजारो साक्षी मी उतरवून घेतल्या आणि तिथं जे शिकले ते तुला उपयोगी पडेल, कारण तुझं ते ‘अपॉलोजेटिक्स’ मुळात कोर्टातलंच आहे. ‘अपोलोगिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आरोपीनं केलेलं बचावाचं भाषण. प्रेषितांच्या कृत्यांत पौल तोच शब्द वापरतो, कारण तो खरोखरच अधिकाऱ्यांपुढे उभा असतो. तुमच्या संघाच्या बॅनरवर छापलं असेल ते पेत्राचं वचनही (पहिलं पत्र, 3:15) तोच शब्द वापरतं. आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सिद्ध असा. पण बॅनरवर वचन इथंच तोडतात. पुढे आहे, ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’. भीडस्तपणा! मराठी भाषांतरकारानं काय शब्द उचलला आहे. भीड असलेला माणूस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ‘मुद्दा क्रमांक तीन’ म्हणत नाही.

आणि कोर्टात उत्तर देणारी माणसं दोन प्रकारची. वकील आणि साक्षीदार. वकिलाला सगळ्याचं उत्तर असावं लागतं, नसलं तरी असल्यासारखं उभं राहावं लागतं. त्याचीच फी असते. साक्षीदाराला फक्त त्यानं पाहिलं तेवढंच विचारतात. उलटतपासणीत ‘मला ठाऊक नाही’ म्हणाला म्हणून साक्षीदार पडत नाही. उलट जो प्रत्येक प्रश्नाला चटकन उत्तर देतो त्याच्यावर साहेब चष्म्यावरून बघायला लागतात. पढवलेला साक्षीदार असा ओळखू येतो. योहानाच्या नवव्या अध्यायातला आंधळा आठव. परूशी, म्हणजे यहुद्यांतले कर्मठ लोक, त्याला येशूबद्दल धर्मशास्त्रातला अवघड प्रश्न घालतात. तो म्हणतो, तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मला एवढं ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. संपली साक्ष. आपण मंडळीत ‘साक्ष देणे’ हा शब्द इतका वापरतो आणि प्रत्यक्षात वकिलीच करतो. तूही दोन वर्षं देवाचं वकीलपत्र घेऊन फिरलास. ते तुला त्यानं दिलं होतं का, हे एकदा विचार स्वतःला.

जिंकण्याचा नाद होता का? होता. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून, दहा माणसं ऐकत असताना वाद घातला की तो नाद लागणारच. काकांची करमणूक झाली. त्यावरून तुझा विश्वास खोटा ठरत नाही, फक्त तू त्याच्यावर पेलणार नाही एवढं वजन टाकलंस. ही चूक मोठ्या माणसांकडूनही होते. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक फादर होते, हा मुद्दा तू गाडीत वापरला असशीलच. पुढे 1951 साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धान्ताचा आधार देवाच्या निर्मितिकार्यासाठी घेतला, तेव्हा नाराज झाले ते खुद्द लमेत्र. विज्ञानाच्या सिद्धान्ताला त्याच्यापलीकडचं ओझं उचलायला लावू नये, असं त्यांचं म्हणणं. देवावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, तरीही.

वर्ग सोडू नकोस. पुनरुत्थान तूच घे, पण या वेळी स्टेनोच्या नजरेनं. चारही शुभवर्तमानांतली पहिली सकाळ फळ्यावर शेजारी शेजारी मांड. योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो, मत्तय दोघींचं, मार्क तिघींचं, लूक तिघींची नावं देऊन ‘इतर स्त्रिया’ जोडतो. देवदूत कुठं एक, कुठं दोन. मुलं गोंधळतील, गोंधळू देत. तपशिलात असा थोडा फरक आणि गाभ्यात एकमत, ही न पढवलेल्या साक्षीदारांची खूण आहे. शब्द न् शब्द जुळला की आम्ही पेन खाली ठेवायचो. मग दुसरी गोष्ट. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला किंमत नव्हती, इतिहासकार योसेफस तसं लिहून गेला आहे. लूक तर कबूल करतो की प्रेषितांनाही त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. कुणी गोष्ट रचायला बसला असता तर पहिल्या साक्षीदार बायका निवडल्या असत्या का? आणि हेही सांग, लपवू नकोस: वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांनी पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, तेव्हा ज्यांना ज्यांना दर्शन झालं त्यांची तो यादी देतो. केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्या यादीत बायका नाहीत. का नाहीत, यावर मुलींना बोलू दे.

यानं पुनरुत्थान सिद्ध होतं का? माझ्या मते नाही. साक्ष ऐकण्यासारखी आहे, झटकून टाकण्यासारखी नाही, इथवर आपण चालत येतो. पुढचं पाऊल प्रत्येकाचं.

तुझाच पाय अडखळतोय असं वाटत असेल तर थोमाकडे, येशूच्या शिष्यांतल्या थॉमसकडे बघ. बाकीचे दहा जण ‘आम्ही प्रभूला पाहिलं’ म्हणत होते आणि हा साफ नाही म्हणाला. तरी आठ दिवसांनी तो त्याच खोलीत त्यांच्यातच बसलेला आहे. त्यांनी त्याला हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. आणि तू रोज जिथं उतरतोस ना, त्या चर्चगेटचं नाव पडलं किल्ल्याच्या ज्या दरवाजावरून, तो दरवाजा 1718 साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे जायचा. रोज लाखो मुंबईकर त्या शंकेखोराच्या दारात उतरतात आणि कुणाला पत्ता नसतो. एखाद्या दुपारी डबा आटपून फोर्टात चालत जा, आत पाच मिनिटं बस. काही मागू नकोस.

प्रार्थनेचं म्हणशील तर आपले शब्द येत नसतील तेव्हा उसने घ्यावेत. स्तोत्र 88 मोठ्यानं वाच. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाला कुठंतरी वळण घेतात. हे घेत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्द अंधार हाच आहे. कुणीतरी देवाला हे असं बोलला, आणि ते शास्त्रात ठेवलं गेलं. वधस्तंभावर येशूनंही स्तोत्र 22 मधले उसने शब्दच घेतले, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्या प्रश्नाला त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. तुझ्या मित्राच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेली सगळी पुंजी एवढीच आहे बघ. का, ते मला ठाऊक नाही; पण हाच प्रश्न ज्यानं विचारला त्याच्यावर मी विश्वास ठेवते. आणि हा सूर परका समजू नकोस. ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ असं म्हणणारे तुकोबा आपलेच. नारायण वामन टिळक तर सांगायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावर हाही अभंग आहे.

टिळकांवरून आठवलं. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. एवढा मोठा कवी, वादात कुणाला ऐकायचा नाही. तरी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पुढे पाचएक वर्षांनी, स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या डोक्यानं.

आता मित्र. त्याला मेसेज करू नकोस, फोनवर तर नाहीच. तो मागची स्लो पकडतो म्हणतोस, तर तूही एक दिवस अर्धा तास उशिरा ऑफिसला गेलास म्हणून बिघडत नाही. प्लॅटफॉर्मवर भेट. ‘त्या दिवशी मी बोलायला नको होतं,’ एवढं म्हण. ‘म्हणजे मला असं म्हणायचं होतं की’ हे शब्द तोंडात आले तर गिळ. तो रागावला तर ऐकून घे. बोलला नाही तर दादरपर्यंत नुसता शेजारी उभा राहा, मुंबईत गाडीत न बोलता शेजारी उभं राहणं अगदी सोपं असतं. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. घरी बोलावलं तर जा. त्याच्या बायकोलाही भेट. आपण बापांनाच गाठतो, आई आत ओट्याशी उभी राहते.

आणि एक. तुझं पूर्ण पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मुद्दे आहेत, तत्त्वज्ञांची नावं आहेत, गाडीची वेळही आहे. त्या मुलीचं नाव कुठं नाही. ते तुला माहीत नसेल तर त्याला विचार. तिला काय आवडायचं तेही विचार, आणि तो सांगत असेल तोवर घड्याळ बघू नकोस. मग मला पुन्हा लिही.

तुझी,
मावशी